हौशाचा दुसरा प्रश्न

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या विहिरीकाठी घडली त्या विहिरीला आज पाणी आहे की नाही, हेसुद्धा मला सांगता यायचं नाही. त्या काळी मात्र विहीर तुडुंब भरलेली असायची आणि एक बाभूळ तिच्यावर पार आडवी वाकलेली होती. पावसाळ्यात त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती बसायची.

मुलांनो, तुम्हाला वाटत असेल की खोपा सुगरण मादी विणते. मोठ्यांनाही तसंच वाटतं, कारण मान वर करून बघायचं त्यांनी कधीच सोडून दिलंय. खोपा विणतो तो नर. मादी विणत नाही, ती पारख करते.

त्या वस्तीची रीत अशी होती. नराने आधी अर्धाच खोपा विणायचा. तो दिसायचा टोपीसारखा, म्हणून त्याला म्हणायचेच टोप. मग माद्या येऊन तो बघायच्या. आत शिरायच्या, ओढून बघायच्या, लोंबकळून बघायच्या. एखादीच्या मनास आला तर ती राहायची आणि नर पुढचं काम हाती घ्यायचा. अंड्यांची खोली विणायची, मग आत जायला खालून लांब नळी विणायची. पण कुणाच्याच मनास आला नाही, तर तो टोप तसाच वाळत लोंबत राहायचा आणि येणारेजाणारे त्याच्याकडे बघून हसायचे. त्या वस्तीत याहून मोठी नाचक्की नव्हती.

वस्तीत एक तरुण नर होता. त्याला सगळे हौशा म्हणायचे. पोरगा कामाला वाघ होता. पहाटे सगळ्यांच्या आधी गवतावर पोचायचा, पात्याची कड चोचीने कापून असा लांब धागा काढायचा की बघत राहावं. तरीही मागच्या पावसाळ्यात त्याचे टोप रिकामेच वाळले होते. या वर्षीही तसंच झालं तर वस्तीला पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून यंदा त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. विणायला बसण्याआधी तो शेताच्या बांधावर गेला. तिथे माद्या दाणे टिपत बसल्या होत्या.

"मावश्यांनो, तायांनो," तो म्हणाला, "एक विचारू का? खोप्यात काय असलं तर तुम्हाला आवडेल?"

हे विचारण्यात वाईट काही नव्हतं. बाकीच्या नरांनी तर तेवढीही तसदी घेतली नव्हती.

माद्यांना गंमत वाटली. आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"उजेड असावा बाई," एक म्हणाली. "दिवस मावळला की आत नुसता अंधार."

"दारात फुलं असावीत. लाल तेरड्याची."

"खोली ऐसपैस असावी."

"आणि नळी लांबच्या लांब! सगळ्या बाभळीत उठून दिसली पाहिजे."

बांधावर नुसता कलकलाट झाला. हौशाने एकेक गोष्ट नीट ध्यानात ठेवली आणि उडत उडत परत आला. वाटेत त्याला गाणंसुद्धा सुचलं.

बाभळीच्या मावळतीच्या बाजूला एक फांदी होती. शेतावरून येणाऱ्या प्रत्येकीची नजर आधी तिच्यावरच पडायची. ती रिकामी कशी राहिली, याचा हौशाने विचार केला नाही. त्याने ती लगेच धरली.

आता खोप्यात सगळ्यात आधी करायची असते ती गाठ. गवताचा धागा डहाळीला गुंडाळायचा, काट्याभोवती फिरवायचा, ओढायचा, परत गुंडाळायचा. हे काम कंटाळवाणं असतं आणि पुढे त्यावर वीण चढली की ती गाठ कुणाला दिसतसुद्धा नाही. हौशाला वाटलं, बांधावर कुणी गाठीचं नावही काढलं नाही. मग तिच्यावर दिवस कशाला घालवा? त्याने चार वेढे दिले न दिले आणि पुढच्या कामाला लागला.

उगवतीच्या बाजूला, दाट पाल्याआड, त्याचा शेजारी काम करत होता. तो अबोल नर होता. त्याची अजून गाठच चालली होती.

"अरे, अजून तिथंच?" हौशा ओरडला. "तुझा खोपा होईपर्यंत माझी नातवंडं उडायला लागतील!"

शेजाऱ्याच्या चोचीत गवत होतं. तो "हं" म्हणाला आणि आणखी एक वेढा दिला.

टोप विणून झाल्यावर आतून ओला चिखल थापायचीही रीत होती. हौशाने चिखल आणला, पण काजवे चिकटवण्यापुरताच. ओढ्याकाठच्या झुडपातून त्याने काजवे पकडून आणले आणि आतून ओळीने बसवले. दारात तेरड्याची फुलं खोवली. दिवस मावळला आणि टोप आतून हिरवागार उजळला.

अख्खी वस्ती जमली. "अगंबाई!" "बघण्यासारखं आहे हो!" म्हातारे नरसुद्धा मान वाकडी करून बघत राहिले. हौशाची छाती फुगून दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी माद्या एकामागून एक आल्या. आत गेल्या. एकीने वरची वीण चोचीत धरून ओढली. दुसरीने कडेला लोंबकळून दोन हिसके दिले. बाहेर येऊन सगळ्या म्हणाल्या, "फार छान आहे हो." आणि गेल्या. शेजाऱ्याच्या त्या काळ्या अंधाऱ्या टोपात मात्र दुपारच्या आत एक मादी राहायला आली.

"बघा!" हौशा चरफडला. "मागतात एक आणि घेतात भलतंच. यांना काय हवं ते यांनाच ठाऊक नाही."

असं म्हणणारे आपल्यातही पुष्कळ असतात. पण ते असो.

सगळ्यात शेवटी एक तरुण मादी आली. तिचा हा पहिलाच पावसाळा. वस्तीत तिला धाकटी म्हणायचे. ओढून बघायचं असतं, लोंबकळून बघायचं असतं, हे तिला ऐकून ठाऊक होतं. पण आत शिरली आणि काजवे बघण्यातच सगळं विसरली.

"मी राहते इथे," ती म्हणाली.

हौशाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने धाकटीसाठी ऐसपैस खोली विणली आणि वस्तीत कुणाची नसेल एवढी लांब नळी सोडली. जेवढं वाढवलं तेवढं वजन वाढलं, आणि ते सगळं वजन त्या चार वेढ्यांवर आलं. तेरड्याची लाल फुलं बघून एक कावळा दोनदा घिरट्या घालून गेला. धाकटीने अंडी घातली. पांढरीशुभ्र, इवली इवली अंडी. ती दिवसभर त्यांवर बसून राहायची.

एका दुपारी ती दाणे टिपायला शेतावर गेली आणि मावळतीकडून वारा सुटला. फार मोठा वारा नव्हता. पावसाळ्यात नेहमी सुटतो तसाच. हौशाने बघितलं तेव्हा गाठ डहाळीवरून सरकत होती. त्याने झेप घेतली, चोचीत वीण धरली, पण एवढ्याशा पाखराच्या चोचीत केवढी ताकद असणार? खोपा सुटला आणि अंड्यांसकट विहिरीत पडला.

धाकटी परत आली तेव्हा डहाळी मोकळी होती. तिने खाली पाण्याकडे बघितलं. फुलं तरंगत होती.

"काजवे सुंदर होते रे," ती म्हणाली. "पण मला पिल्लं हवी होती."

एवढंच बोलली आणि उडून गेली.

मला इथे फार वाईट वाटतं, ते सांगून टाकतो. हौशा लबाड नव्हता, आळशी तर नव्हताच. त्याने विचारलं होतं, ऐकलं होतं, मरमर मेहनत केली होती. तरीही धाकटीची अंडी त्याच्यामुळे गेली. चांगल्या मनाने केलेली चूक ही चूकच असते.

हौशा विहिरीच्या काठावर येऊन बसला. विहिरीत एक म्हातारं कासव राहायचं. ते पडलेल्या खोप्याभोवती एक फेरी मारून वर आलं.

"तुझा का?" कासवाने विचारलं.

"माझा. आजोबा, मी त्या सगळ्यांना विचारून केला होता हो! त्यांनी सांगितलं तसाच केला."

"काय विचारलं होतंस?"

"काय असलं तर आवडेल, ते."

"मग त्यांनी त्याचं उत्तर दिलं. त्यांची काय चूक?" कासव म्हणालं. "हे बघ, तुम्हा पाखरांना काय आवडतं ते मला ठाऊक नाही. पण मलाच कुणी विचारलं, की या विहिरीत काय असलं तर आवडेल, तर मी काय सांगेन?"

"काय सांगाल?"

"कमळं. कमळं असती तर मजा आली असती. पाणी हवं असं मी म्हणणारच नाही. पाण्यात तर मी बसलोच आहे, त्याचं नाव कशाला काढू? पण आता उलटं विचार. कमळं नाहीत, म्हणून मी ही विहीर सोडली का?"

"नाही."

"आणि पाणी आटलं तर?"

हौशाने वर मोकळ्या डहाळीकडे बघितलं.

"त्याच दिवशी चालायला लागेन," कासव म्हणालं. "आणि माझं चालणं तुला माहीत आहे. तरी निघेन." आणि बुडी मारून दिसेनासं झालं.

हौशा पुन्हा बांधावर गेला. या खेपेला गाणं वगैरे काही सुचलं नव्हतं. माद्यांना झाला प्रकार कळलेला होता.

"मी मागे विचारलं होतं, काय असलं तर आवडेल," तो म्हणाला. "आज दुसरं विचारतो. नसलं तर काय होईल?"

"काय नसलं तर?"

"काजवे."

"नसले तर नसले," एक म्हणाली. "दिवस मावळला की झोपायचंच तर असतं. असले तर गंमत, एवढंच."

"खोली लहान असली तर?"

"तर अडचण होते. पिल्लं एकमेकांना तुडवतात. जितकी मोठी तितकं बरं, पण लहान आहे म्हणून कुणी अंडी घालायची राहत नाही."

"नळी?"

"कावळ्याची चोच आत पोचू नये एवढी हवीच. त्याहून लांब हवी असते ती मिरवायला."

"दारातली फुलं?"

"फुलं नकोतच मुळी!" एक मादी एकदम कडाडली. "कावळ्याला आवतण आहे ते."

"पण मावशी, फुलं तर तुम्हीच सांगितली होती."

"सांगितली असतील. तेव्हा पोट भरलेलं होतं, अंडी घातलेली नव्हती. तेव्हा काय, कुणीही काहीही बोलतं."

"आणि गाठ? गाठ कच्ची असली तर?"

सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या. हा काय विचारतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"तर मी त्या खोप्यात पायसुद्धा ठेवणार नाही," मावशी म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या टोपाची वीण ओढली, तर वर सगळं हललं. म्हणून तर आम्ही निघून गेलो. चिखलाचंही तसंच. आत चिखल भरपूर नसला तर वाऱ्यावर खोपा गरागरा फिरतो आणि अंडी एकमेकांवर आपटतात. आणि मावळतीची ती फांदी! तिथे सगळा वारा अंगावर येतो. ती रिकामी का होती, असं तुला वाटलं?"

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आता यात सांगायचं काय?" मावशीला खरोखरच नवल वाटलं. "गाठ पक्की असणार, हे धरलेलंच असतं ना रे! गाठ पक्की आहे म्हणून कुणी कुणाचं कौतुक करतं का?"

हौशा परत आला तेव्हा त्याच्यापुढे एकच अडचण होती, आणि ती मोठी होती. पावसाळा उतरणीला लागला होता. ओढ्याकाठचं गवत जून होत चाललं होतं आणि जून पात्याचा धागा निघत नाही, मोडतो. सगळं काही करायला आता वेळ नव्हता. काही करायचं तर काही सोडावं लागणार होतं. काय आधी करायचं यावरच सगळं अवलंबून होतं. चुकीच्या गोष्टीने सुरुवात केली असती, तर हा पावसाळाही गेला असता. त्याचाही आणि धाकटीचाही, कारण वस्तीतले सगळे पक्के खोपे एव्हाना भरले होते आणि ती एकटीच काट्यावर बसून असायची.

उगवतीच्या बाजूला, शेजाऱ्याच्या खालच्या अंगाला, एक आडोशाची डहाळी होती. शेतावरून ती दिसत नव्हती. हौशाने तीच घेतली आणि गाठ बांधायला बसला. कोवळ्यातलं कोवळं गवत त्याने गाठीसाठी वापरलं. गुंडाळायचा, ओढायचा, पायाने दाबून बघायचा, पुन्हा गुंडाळायचा.

जाणारे येणारे नर थट्टा करायला चुकले नाहीत.

"काय हौशा, दिवे विझले वाटतं?"

"यंदा फुलं महागली काय रे?"

हौशाला लागायचं. कसबी होता तो. चारचौघांत साधं काम करायची त्याला लाज वाटायची. पण त्याने वेढा सोडला नाही. शेजारी वरून बघत होता. एकदा खाली आला, गाठीवर दोन्ही पाय रोवून उभा राहिला, सगळ्या अंगाने दाबून बघितलं.

"आधी पोटोबा, मग विठोबा," तो म्हणाला. त्या पावसाळ्यात तो बोलल्याचं एवढंच कुणाला आठवतं.

गाठीवर टोप झाला. हौशाने ओढ्यावरून चिखल आणून आतून चांगला जाड थर दिला. संध्याकाळच्या खेपेला त्याला ओढ्याकाठचे काजवे दिसायचे. हातासरशी दोन आणावेत असं मनात यायचं, आणि तो फक्त चिखल घेऊन परत फिरायचा.

टोप पुरा झाला त्या सकाळी धाकटी आली. हौशाने तिला बोलावलं नव्हतं. बोलवायला त्याला तोंडच नव्हतं.

धाकटी आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. तिने आधी डहाळी बघितली. मग गाठ चोचीत धरून अशी ओढली की सगळी डहाळी वाकली. मग टोपाच्या कडेला उलटी लोंबकळली आणि पंख फडफडवून वाऱ्यासारखे हिसके दिले. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. आत जाऊन चिखलावर चोच आपटली.

हौशाला राहवलं नाही. "कसा आहे?"

"साधाच आहे," ती म्हणाली. आणि बाहेर आली नाही.

उरलेल्या गवतात हौशाने खोली जमेल तितकी मोठी केली. मग नळीला हात घातला. ती कावळ्याच्या चोचीहून जरा लांब झाली आणि गवत संपलं. काजव्यांसाठी दिवस उरलाच नाही.

धाकटीने पुन्हा अंडी घातली. त्यांतून पिल्लं बाहेर आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, परतीच्या पावसात, त्या वर्षीचा सगळ्यात मोठा वारा सुटला. भर दुपारी अंधारून आलं. बाभूळ मुळापासून करकरत होती. मावळतीच्या बाजूचे रिकामे टोप तुटून विहिरीत पडले. हौशा डहाळीला दोन्ही पायांनी घट्ट धरून गाठीच्या वर बसला होता. चिंब भिजला होता, डोळे मिटायची त्याची छाती नव्हती. खोपा हेलकावे खात होता, डहाळी वाकून पाण्यापर्यंत जात होती, पण गाठ जिथल्या तिथे होती. ती केसभरही सरकली नाही.

वारा पडला. ऊन आलं. बऱ्याच वेळाने नळीतून धाकटीचं डोकं बाहेर आलं.

"सगळं ठीक आहे ना आत?" हौशाने विचारलं.

"ठीक म्हणजे? का, काय झालं?"

"अगं, वारा! केवढा वारा होता!"

"अस्सं?" धाकटी म्हणाली. "पिल्लांजवळ जरा डोळा लागला होता. आणि तू असा भिजलास कशाने? जा, अंग पूस, आणि पिल्लांना काहीतरी घेऊन ये."

आणि डोकं आत गेलं.

हौशा क्षणभर हिरमुसला. एवढं सगळं झालं आणि हिला पत्ताच नाही! मग आतून पिल्लांचा चिवचिवाट ऐकू आला आणि तो अळ्या शोधायला उडाला. त्या दिवशी त्याला पुन्हा एक गाणं सुचलं, असं म्हणतात.

पिल्लं मोठी होऊन उडाली. पुढच्या पावसाळ्यात शेतावरून येणाऱ्या माद्या, बघण्यासारखं काही नसूनही, आधी हौशाच्या डहाळीकडे वळू लागल्या. त्यांना कारण विचारलं तर एकीलाही सांगता आलं नसतं.

म्हणून ध्यानात ठेवा: जे असल्याचं कुणी नाव काढत नाही पण नसलं तर सगळे निघून जातात, ते आधी करावं; ज्याची वाहवा होते, ते वेळ उरला तर मागून.